टेलिफोनी कार्ड कॉल कसा हाताळतं : तांब्याच्या जोडीपासून प्रोग्रॅमपर्यंत

एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत चार लाईनींची आयव्हीआर यंत्रणा, म्हणजे फोनवर बटणं दाबून रेकॉर्ड केलेली माहिती ऐकवणारी यंत्रणा, बसवली होती. तिच्यात फोनच्या लाईनी संगणकाला जोडतं ते टेलिफोनी कार्ड. सभासदाने फोन करायचा, खातेक्रमांक दाबायचा, शिल्लक ऐकायची आणि तक्रार असेल तर बोलून ठेवायची. पहिला दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकांचा फोन आला, "साहेब, चारही लाईनी कालपासून एंगेज लागतायत." जाऊन पाहिलं तर चारही लाईनी कार्डाने रात्रभर धरून ठेवलेल्या. तक्रारींच्या फाईली उघडल्या. सुरुवातीला माणसाची दोन वाक्यं आणि त्यापुढे तासन्‌तास एकच आवाज, टूंऽऽ... टूंऽऽ... टूंऽऽ.

तो आवाज कानावर पडताक्षणी माणसाला कळतं की पलीकडच्याने फोन ठेवला. कार्डाला ते कळावं यासाठी जी दोन-तीन सेटिंग करावी लागतात, ती मी केलेली नव्हती.

तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न धरून काम करतो : तारेवर प्रत्यक्ष काय आलं, आणि त्यातून कार्डाला काय समजलं? फोन आला, उचलला, बटण दाबलं, ठेवला, ही आपली भाषा झाली. तारेवर फक्त व्होल्टेज, करंट आणि आवाज असतो. बाकी सगळं कार्डाला त्यावरून ओळखावं लागतं. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने, म्हणजे कॉल ज्या वाटेने आत येतो त्याच वाटेने मांडल्या आहेत.

आधी कार्डाचा प्रकार ओळखा

अमेरिकेत न्यू जर्सीत १९८३ साली डायलॉजिक कंपनी सुरू झाली. तिच्या आणि तिच्या बरोबरीच्या कंपन्यांच्या कार्डांवर डीएसपी, म्हणजे सिग्नलचं गणित करणारा वेगळा प्रोसेसर असे. त्या काळातल्या ३८६ किंवा ४८६ संगणकाला अनेक लाईनींचा आवाज एकाच वेळी तपासणं झेपण्यासारखं नव्हतं. म्हणून टोन ओळखणं, आवाज दाबून साठवणं ही कामं कार्ड स्वतः करायचं आणि संगणकाला फक्त निरोप द्यायचं : अमुक लाईनवर ५ दाबलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जिम डिक्सन यांनी उलट विचार केला. संगणकाचा मुख्य प्रोसेसरच आता पुरेसा वेगवान झाला आहे, मग कार्डावर महागडा डीएसपी कशाला? त्यांनी टॉरमेंटा नावाचं साधं कार्ड तयार केलं, त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि प्रकल्पाला मेक्सिकोचे क्रांतिकारक एमिलियानो झापाटा यांचं नाव दिलं. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ साली सुरू केलेलं ऍस्टरिस्क हे एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर त्याला जोडलं गेलं. कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरचं नाव आधी झॅपटेल होतं, २००८ साली ते डाहडी झालं.

हा फरक कामाचा आहे. पहिल्या प्रकारात बिघडलं तर तुम्ही कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे कार्डातच बसवलेलं सॉफ्टवेअर, आणि त्याची सेटिंग तपासता. दुसऱ्या प्रकारात मदरबोर्ड, स्लॉट आणि इंटरप्ट (कार्डाने संगणकाला मारायची हाक) हेसुद्धा संशयितांच्या यादीत येतात. पायऱ्या मात्र दोन्हीकडे त्याच, फक्त त्या कुठे पार पडतात ते बदलतं. इथे उदाहरणं दुसऱ्या प्रकाराची, कारण आपल्याकडच्या छोट्या कार्यालयांत मला तीच जास्त भेटली.

पायरी १ : कार्ड लावण्याआधी लाईन मोजा

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि लाईनच्या जोडीला लावा. फोन ठेवलेला असताना साधारण ४८ व्होल्ट दिसायला हवेत. आता त्याच लाईनवर साधा फोन जोडून रिसीव्हर उचला. व्होल्टेज धाडकन खाली, ६ ते १२ च्या आसपास येतं, कारण आता जोडीतून करंट वाहतो आहे, २० मिलिअँपिअर किंवा त्याहून थोडा जास्त. एक्स्चेंजच्या दृष्टीने 'फोन उचलला' याचा अर्थ एवढाच : सर्किट पूर्ण झालं.

उचलल्यावर करंट १५ मिलिअँपिअरच्याही खाली असेल तर लाईन लांबची आहे किंवा मध्ये कुठेतरी सांधा गंजला आहे. हे आधी लाईनमनकडून नीट करून घ्या. कमकुवत लाईनवर माणसाचं बोलणं भागतं, कार्डाचं टोन ओळखणं भागत नाही.

मोजताना उघड्या तारा हातात धरू नका. नेमक्या त्या वेळी फोन आला तर घंटीसाठी त्याच तारांवर ७५ व्होल्टच्या घरातला एसी येतो आणि सणसणीत झटका बसतो.

आणखी एक काम याच वेळी उरकून घ्या. लाईन इमारतीत शिरते तिथे विजेचा झटका जमिनीत उतरवणारा सर्ज अरेस्टर आणि त्याला खरोखरीचं अर्थिंग आहे का ते पाहा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या वळिवात आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा लांबून खांबांवरून आलेली तार तो झटका थेट कार्डाच्या मॉड्यूलपर्यंत आणते. अरेस्टर आहे पण अर्थिंगची तार नुसती भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळली आहे, असं मी स्वतः पाहिलं आहे.

पायरी २ : योग्य पोर्ट, योग्य देश

ऍनलॉग कार्डावर दोन प्रकारचे पोर्ट असतात. एफएक्सओ पोर्ट टेलिफोनसारखा वागतो, म्हणून त्यात बाहेरून आलेली लाईन लावायची. एफएक्सएस पोर्ट एक्स्चेंजसारखा वागतो : तो स्वतः व्होल्टेज देतो, घंटी वाजवतो, म्हणून त्यात टेलिफोन लावायचा. डिजियम कंपनीच्या जुन्या चार पोर्टांच्या टीडीएम४००पी कार्डावर एफएक्सओची मॉड्यूल लाल आणि एफएक्सएसची हिरवी असत. बाहेरची लाईन चुकून हिरव्यात लावली, तर दोन्हीकडून वीजपुरवठा एकमेकांवर येतो आणि मॉड्यूल जळू शकतं. लावण्याआधी रंग पाहा, मग हात चालवा. हिरवी मॉड्यूल असतील तर संगणकाच्या पॉवर सप्लायची चार पिनांची वायरही कार्डाला जोडावी लागते, नाहीतर घंटीसाठी ताकद मिळत नाही.

सेटिंगच्या फाईलीत इथेच नवखा माणूस अडतो. तिथे एफएक्सओ पोर्टाला एफएक्सएस सिग्नलिंग लिहायचं असतं आणि एफएक्सएस पोर्टाला एफएक्सओ. पोर्ट ज्याच्याशी बोलतो त्याच्या नावाने सिग्नलिंग, एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

यानंतर ड्रायव्हरला देश सांगा. काही सांगितलं नाही तर तो अमेरिकेची लाईन गृहीत धरतो. ऑपरेटिंग मोड इंडिया आणि टोन झोनही इंडिया निवडा. पहिल्याने लाईनशी विजेचा मेळ बसतो, दुसऱ्याने कार्ड जे टोन वाजवतं ते आपल्या सवयीचे होतात.

पायरी ३ : घंटी, आणि घंटीच्या आधी येणारा नंबर

आपल्याकडची घंटी आठवून पाहा : ट्रिंग-ट्रिंग, थांबा, ट्रिंग-ट्रिंग. सेकंदात मांडली तर ०.४ वाजते, ०.२ थांबते, ०.४ वाजते, मग २ सेकंद शांत. तारेवर ती साधारण २५ हर्ट्झचा एसी असते. कार्ड हा एसी ओळखतं आणि तो ठरावीक वेळ टिकला तरच प्रोग्रॅमला कळवतं, नाहीतर लाईनवरचा प्रत्येक खरखराट 'फोन आला' ठरेल.

फोन करणाऱ्याचा नंबर कुठून येतो? पुष्कळ देशांत तो पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधल्या शांततेत, मोडेमसारख्या सुरांत येतो. भारतातल्या अनेक एक्स्चेंजांवर मात्र आधी लाईनची पोलॅरिटी, म्हणजे दोन तारांतलं अधिक-उणे, उलटते, लगेच बटणांच्या डीटीएमएफ सुरांत नंबर येतो, आणि घंटी त्यानंतर वाजते. कार्ड परदेशी पद्धतीवर ठेवलेलं असेल तर ते घंटी वाजल्यावर कान देतं आणि तोवर नंबर निघून गेलेला असतो. डाहडीच्या चॅनेल सेटिंगमध्ये नंबर केव्हापासून ऐकायचा यासाठी 'पोलॅरिटी-इन' नावाचा पर्याय आहे. त्यातलं 'इन' म्हणजे इंडिया. तो निवडा आणि सिग्नलिंग डीटीएमएफ ठेवा. तरीही नंबर दिसला नाही, तर लाईनवर ती सेवा चालू आहे का हे कॉलर-आयडीचा साधा फोन लावून आधी तपासा. त्या फोनवर नंबर उमटत नसेल तर कार्डावर वेळ घालवू नका.

पायरी ४ : आवाजाचे आकडे होतात

प्रोग्रॅम म्हणतो, 'उचल'. कार्ड सर्किट पूर्ण करतं, करंट वाहतो, एक्स्चेंज घंटी बंद करून बोलण्याची वाट मोकळी करतं. इथून पुढे आवाज आत येतो.

फोनवरचा आवाज ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातला असतो. कार्डावरची कोडेक चिप सेकंदाला ८००० वेळा त्याची उंची मोजते. प्रत्येक मोजमाप ८ बिटांत बसवलं की ६४,००० बिट प्रतिसेकंद होतात. सगळी डिजिटल टेलिफोनी या एका आकड्याभोवती उभी आहे. तासाभराचं रेकॉर्डिंग याच हिशेबाने २८.८ मेगाबाइट होतं.

८ बिट म्हणजे फक्त २५६ पायऱ्या. त्या सारख्या उंचीच्या ठेवल्या तर हळू बोलणाऱ्याचा आवाज दोन-चार पायऱ्यांत संपेल आणि घरघर ऐकू येईल. म्हणून ए-लॉ नावाची पद्धत वापरतात. सोनाराचा काटा आणि लाकडाच्या वखारीचा काटा आठवा : सोनं गुंजेच्या हिशेबाने तोलतात, सरपण मणाच्या. ए-लॉ तेच करतं. सगळ्यात हळू आवाजाला जेवढी बारीक पायरी, त्याच्या ६४ पट मोठी पायरी सगळ्यात मोठ्या आवाजाला. कानाला ते चालतं, कारण मोठ्या आवाजात लहान चूक लपून जाते.

अमेरिका आणि जपान यांची पद्धत वेगळी, तिचं नाव म्यू-लॉ. युरोपात आणि आपल्याकडे ए-लॉ. एका टोकाला ए-लॉ आणि दुसऱ्या टोकाला म्यू-लॉ असं झालं तर शब्द कळतात, पण आवाज ओरबाडल्यासारखा, फाटका येतो. असा आवाज ऐकला की वायर बदलण्याआधी ही सेटिंग पाहा.

पायरी ५ : एका मिलिसेकंदाचा हिशेब

डाहडीच्या कार्डात एक ठेका असतो. प्रत्येक चॅनेलचे ८ नमुने, म्हणजे आवाजाची ८ मोजमापं, जमले, म्हणजे १ मिलिसेकंद झाला, की कार्ड संगणकाला हाक मारतं : हे घे, आणि पलीकडे पाठवायचे ८ दे. सेकंदाला १००० हाका, रात्रंदिवस. संगणक दुसऱ्या कामात अडकून एखादी हाक चुकला, की आवाजात बारीक 'टक्' येतो. पुष्कळ चुकल्या की बोलणं तुटक होतं, फॅक्स अर्धवट येतात आणि बटणं ओळखली जात नाहीत.

डाहडीसोबत एक चाचणीचं साधन येतं. ते हा ठेका किती अचूक आहे ते टक्केवारीत दाखवतं. पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. आकडा ९९.९८ च्या आसपास किंवा वर स्थिर राहिला तर पुढे जा. सतत खाली घसरत असेल तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, हार्डडिस्कच्या किंवा ग्राफिक्सच्या कार्डाबरोबर एकच इंटरप्ट वाटून घेतलेला नाही ना ते पाहा, आणि बायोसमधली वीज वाचवणारी सेटिंग बंद करा. प्रोग्रॅमची एक ओळही लिहिण्याआधी मी ही चाचणी करतो. इथे कच्चं राहिलेलं पुढच्या प्रत्येक पायरीवर वेगळं रूप घेऊन समोर येतं.

पायरी ६ : प्रतिध्वनी

बाहेरच्या लाईनवर बोलणं आणि ऐकणं एकाच जोडीवरून जातं. कार्डाच्या आत मात्र जाणारा आणि येणारा आवाज वेगळे असतात. हे वेगळं करणाऱ्या सर्किटला हायब्रिड म्हणतात. लाईनचा आणि हायब्रिडचा मेळ कधीच पूर्ण बसत नाही, म्हणून पाठवलेल्या आवाजाचा काही भाग वळून परत येतो.

यावर उपाय म्हणजे एको कॅन्सलर. आपण काय पाठवलं हे त्याला माहीत असतं. त्यातलं किती, कोणत्या उशिराने परत येतं याचा तो चालत्या कॉलवर अंदाज बांधतो आणि येणाऱ्या आवाजातून तेवढं वजा करतो. १२८ मिलिसेकंदांपर्यंतचा प्रतिध्वनी पकडायचा तर १०२४ गुणकांचा हिशेब प्रत्येक नमुन्याला करावा लागतो. सेकंदाला सुमारे ८२ लाख गुणाकार, आणि गुणक सुधारायला जवळजवळ तितकेच पुन्हा. ३० चॅनेलना मिळून ४९ कोटी होतात. म्हणून मोठ्या कार्डांवर एको कॅन्सलरची वेगळी चिप मिळते, आणि परवडत असेल तर ती घ्यावीच.

एक-दोन ऍनलॉग लाईनींना सॉफ्टवेअरचा एको कॅन्सलर पुरतो. ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड रो यांनी बनवलेला ऑस्लेक हा खुला एको कॅन्सलर त्यासाठी चांगला आहे. मात्र तो चालू करण्याआधी एफएक्सओ मॉड्यूल लाईनला जुळवून घेणारं फाइन-ट्यूनिंगचं साधन चालवा, म्हणजे मुळात परत येणारा आवाजच कमी होतो. आणि आवाज वाढवून प्रश्न सोडवू नका. गेन वाढवला की प्रतिध्वनीही वाढतो.

पायरी ७ : सभासदाने ५ दाबलं

ही पायरी जवळून पाहण्यासारखी आहे.

बटणाच्या प्रत्येक ओळीला एक सूर असतो : ६९७, ७७०, ८५२, ९४१ हर्ट्झ. प्रत्येक उभ्या रांगेला दुसरा : १२०९, १३३६, १४७७, आणि टेलिफोनवर सहसा न दिसणाऱ्या चौथ्या रांगेला १६३३. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ एकदम वाजतात. दोनच सूर, तेही असे निवडलेले की माणसाच्या बोलण्यात ते नेमके एकत्र सहसा येत नाहीत.

कार्डाकडे नमुन्यांची रांग येते आहे. त्यात हे आठ सूर किती आहेत एवढंच शोधायचं, सगळा वर्णपट काढायची गरज नाही. जेराल्ड गोर्टझेल यांनी १९५८ साली मांडलेली पद्धत इथे चपखल बसते. प्रत्येक सुराचा एक ठरलेला गुणक असतो. ७७० हर्ट्झचा, ८००० नमुन्यांच्या वेगाला, १.६४५. नवा नमुना आला की त्यात गुणक गुणिले मागची बेरीज मिळवायची आणि त्याच्या मागची बेरीज वजा करायची. एवढंच, नमुन्यागणिक एक गुणाकार. झोका ठरावीक ठेक्याने ढकलला तर उंच जातो, बेठेका ढकलला तर जागीच हलतो. इथेही तसंच : येणाऱ्या आवाजात ७७० असेल तर ही बेरीज फुगत जाते, नसेल तर लहानच राहते.

ऍस्टरिस्कमध्ये हे १०२ नमुन्यांच्या तुकड्यांवर चालतं, म्हणजे एक तुकडा १२.७५ मिलिसेकंदांचा. तुकडा संपला की प्रश्न विचारले जातात. ओळींच्या चार सुरांत एकच ठळक आहे का? उभ्या रांगांत एकच ठळक आहे का? दोघांच्या ताकदीत फार तफावत नाही ना? या तफावतीला ट्विस्ट म्हणतात आणि तिला मर्यादा असते. एकूण आवाजातला बहुतेक भाग याच दोन सुरांचा आहे का? सलग दोन तुकड्यांत उत्तर एकच आलं तरच '५ दाबलं' असं प्रोग्रॅमला कळतं.

आता बिघाड ओळखणं सोपं जातं. बटणं गळतात, म्हणजे सूर कमजोर आहेत किंवा ट्विस्ट जास्त आहे. तेव्हा आत येणाऱ्या आवाजाचा गेन एकेक डेसिबलने बदलून पाहा. एकच बटण दोनदा उमटतं, म्हणजे सूर मध्येच तुटतो आहे, तेव्हा पाचव्या पायरीवर परत जा. कुणी बोलत असताना आपोआप आकडे उमटतात, म्हणजे बोलण्यातलेच सूर डीटीएमएफ समजले जात आहेत. मग ओळखण्याचे नियम सैल ठेवणारं 'रिलॅक्स-डीटीएमएफ' बंद करा. आणि 'संदेश चालू असताना बटण दाबलं तर ओळखत नाही, संपल्यावर ओळखतं' अशी तक्रार आली तर दोष एको कॅन्सलरकडे शोधा : तुमच्याच संदेशाचा प्रतिध्वनी बटणाच्या सुरात मिसळतो आहे.

पायरी ८ : फोन ठेवला हे कळणं, आणि पलीकडे उचलला हे कळणं

पतसंस्थेचा किस्सा इथला. पलीकडच्याने फोन ठेवल्यावर काही एक्स्चेंज लाईनचा करंट क्षणभर तोडतात, काही पोलॅरिटी उलटवतात, आणि पुष्कळशी फक्त एंगेज टोन लावतात. आपल्या लाईनवर यातलं काय होतं ते स्वतः पाहायचं. लाईनवर साधा फोन आणि मल्टिमीटर एकत्र जोडा, मोबाईलवरून फोन करा, उचला, मोबाईल बंद करा. मग मीटरकडे डोळे आणि रिसीव्हरकडे कान. आकड्याचं चिन्ह उलटलं, म्हणजे अधिकचं उणे झालं, तर पोलॅरिटीवर फोन ठेवण्याची सेटिंग चालू करा. हाच उत्तम मार्ग. एसटीडी बूथच्या दिवसांत बिलाच्या मशीनला कॉल केव्हा लागला हे कळण्यासाठी पोलॅरिटीचीच खूण वापरत, त्यामुळे ही सोय एक्स्चेंजला नवी नाही. लेखी अर्ज करून मागावी लागते.

मीटर ढिम्म राहिला आणि फक्त टोन आला, तर टोन ओळखण्यावर भिस्त ठेवायची. भारतातला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, ०.७५ सेकंद वाजणारा आणि ०.७५ सेकंद थांबणारा. बिझी-डिटेक्ट चालू करा, पॅटर्नमध्ये ७५०, ७५० लिहा, आणि काउंट ४ ठेवा. म्हणजे सलग चार आवर्तनं, सहा सेकंद, तोच ठेका आला तर लाईन सोडायची. काउंट २ ठेवला तर एखाद्याचं बोलणंच त्या ठेक्यात बसून चालू कॉल तुटू शकतो. सर्किट मोकळं नसल्याचा टोन वेगळा, ०.२५ आणि ०.२५ चा. तोही ऐकून ठेवा.

यावर एक कुंपण हवंच : कोणताही कॉल इतक्या मिनिटांपुढे चालणार नाही आणि रेकॉर्डिंग इतक्या सेकंदांच्या शांततेनंतर थांबेल. टोन ओळखणं फसलं तरी लाईन अडकून राहत नाही.

बाहेर फोन लावताना उलटा प्रश्न येतो. पोलॅरिटीची खूण नसेल तर ऍनलॉग लाईनवर 'उचलला' हे कळायचा खात्रीचा मार्ग नाही. कार्ड रिंगबॅकचा, म्हणजे पलीकडे घंटी वाजत असल्याच्या टोनचा, ठेका थांबून बोलण्यासारखा आवाज आला की 'उचलला' असं धरतं. आपल्याकडे यात मोठा खड्डा आहे. "या मार्गावरील सर्व लाईनी व्यस्त आहेत" ही घोषणाही बोलणंच. तशीच कॉलर ट्यून. कार्डाला गाणं किंवा घोषणा आणि "हॅलो" यांतला फरक कळत नाही आणि ते रिकाम्या कानांना संदेश वाचून दाखवतं. थकबाकीची आठवण देणारे कॉल लावायचे असतील तर "ऐकण्यासाठी १ दाबा" असं विचारा आणि १ आला तरच कॉल पोचला असं नोंदवा. काम मोठं असेल तर सरळ पीआरआय, म्हणजे एकाच जोडणीवर ३० कॉल नेणारी डिजिटल लाईन घ्या.

पायरी ९ : पीआरआय

पीआरआय लाईन ई१ नावाच्या डिजिटल जोडणीवरून येते. दर १२५ मायक्रोसेकंदांना २५६ बिटांची एक चौकट, त्यात ३२ खण, प्रत्येकी ८ बिटांचे. एकूण २०.४८ लाख बिट प्रतिसेकंद. शून्याव्या खणात चौकट कुठे सुरू होते त्याची खूण, सोळाव्यात सिग्नलिंग, उरलेल्या ३० खणांत ३० कॉल.

इथे अंदाजाचं काम संपतं. सोळाव्या खणातून स्पष्ट निरोप येतात : सेटअप, अलर्टिंग, कनेक्ट, डिसकनेक्ट. ठेवण्याचं कारणही आकड्यात येतं : १६ म्हणजे नेहमीसारखा ठेवला, १७ एंगेज, १९ घंटी वाजली पण उचलला नाही, ३४ सर्किट मोकळं नाही. हे आकडे प्रोग्रॅममध्ये साठवून ठेवा, तक्रारीच्या वेळी फार उपयोगी पडतात.

जोडताना अशा क्रमाने जा. आधी आरजे-४५ च्या पिन १ ला ४ आणि २ ला ५ जोडून लूप-प्लग बनवा आणि कार्डात लावा. लाल दिवा हिरवा झाला तर कार्ड ठीक. मगच बाहेरची केबल लावा. ती गोल कोऍक्स असेल, म्हणजे ७५ ओहमची, तर १२० ओहमच्या कार्डासाठी मध्ये बलून नावाचा, दोन्हींचा मेळ बसवणारा जोड लागतो. सेटिंगच्या फाईलीत स्पॅनच्या, म्हणजे या ई१ जोडणीच्या, ओळीत क्रमाने लिहायचं : स्पॅन क्रमांक, टायमिंग, केबलच्या लांबीचा आकडा, सीसीएस (सिग्नलिंगची पद्धत), एचडीबी३ (तारेवर बिट पाठवण्याची पद्धत), आणि लाईन देणाऱ्याने सांगितलं असेल तर सीआरसी४ (चुका पकडणारी तपासणी). लाईन उठते पण काही मिनिटांनी पडते असं होत असेल तर सीआरसी४ एका टोकाला चालू आणि दुसऱ्या टोकाला बंद आहे का ते आधी पाहा.

टायमिंगच्या आकड्याकडे दुर्लक्ष करू नका. १ म्हणजे एक्स्चेंजचं घड्याळ प्रमाण मानायचं, ० म्हणजे आपलं घड्याळ पुढे करायचं. बाहेरच्या लाईनला १ हवा. दोन घड्याळांत दहा लाखांत ५० ठोक्यांचा फरक असला, तरी दर अडीच सेकंदांना एक चौकट गळते किंवा दोनदा येते. बोलण्यात ते जाणवतही नाही, फॅक्सचं पान मात्र मध्येच तुटतं. 'बोलणं छान, फॅक्स येत नाही' ही तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा हाच आकडा पाहतो.

पायरी १० : मराठीतले संदेश

रेकॉर्डिंग ८००० हर्ट्झ, मोनोमध्ये ठेवा. स्टुडिओत गोड वाटणारा खर्ज फोनवर जात नाही, म्हणून निवेदक निवडताना त्यांचा आवाज फोनवर ऐकूनच निवडा.

इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे आणि मग दहा-दहाचे शब्द रेकॉर्ड केले की शंभरपर्यंत भागतं. मराठीत नाही. सत्तेचाळीस, एकोणऐंशी, त्र्याण्णव, प्रत्येकाला स्वतःचा शब्द आहे. त्यामुळे शून्य ते नव्याण्णव अशी पूर्ण १०० रेकॉर्डिंग हवीत. त्यावर शंभर, आणि पुढे आकडा आला तर एकशे. मग दोनशे, तीनशे, नऊशेपर्यंत. हजार, लाख, कोटी. आणि 'रुपया' वेगळा, 'रुपये' वेगळे. १२,४५० वाचताना बारा, हजार, चारशे, पन्नास, रुपये अशा पाच फाईली लागोपाठ वाजतात. शेवटचा शब्द खाली उतरत्या सुरात आणि मधले सपाट सुरात रेकॉर्ड केले तर वाक्य माणसाने बोलल्यासारखं वाटतं. खातेक्रमांक मात्र एकेक अंक सुटा वाचा. "चार हजार सातशे" असं सांगितलेला खातेक्रमांक पासबुकाशी ताडून पाहताना म्हातारी माणसं गोंधळतात.

ताब्यात देण्याआधी

लँडलाईन, बटणांचा साधा मोबाईल आणि स्मार्टफोन, तिन्हींवरून प्रत्येक लाईनला फोन करा. शून्य ते नऊ, स्टार आणि हॅश, सगळी बटणं संदेश चालू असताना दाबा. मेनूच्या प्रत्येक टप्प्यावर मध्येच फोन ठेवून पाहा : संदेश चालू असताना, आकडे दाबत असताना, रेकॉर्डिंगच्या वेळी. दर वेळी लाईन किती सेकंदांनी सुटली ते लिहून ठेवा. सगळ्या लाईनी एकदम व्यस्त ठेवून ठेक्याची चाचणी पुन्हा चालवा.

पतसंस्थेच्या त्या चार लाईनींपैकी तीन लाईनींवर पोलॅरिटी उलटत होती, चौथीवर नव्हती, कारण ती नंतर घेतलेली आणि वेगळ्या एक्स्चेंजवरची होती. चौथीला टोनचा ठेका लावला. संध्याकाळी साडेसातला शेवटचा चाचणीचा फोन करून मध्येच ठेवला आणि पडद्याकडे बघत बसलो. सहा सेकंद गेले, लाईन सुटली. चारही ओळींवर 'मोकळी' दिसत होतं. आम्ही बाहेर पडलो आणि व्यवस्थापकांनी कुलूप लावलं.